बॉक कसा ओळखावा: हायस्कूल बेसबॉल नव्याने पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत वसंत ऋतू सुरू झाला की शाळांच्या मैदानांवर बेसबॉलचे सामने सुरू होतात, आणि मुलगा संघात निवडला गेला म्हणून मराठी आईवडीलही दुपारी कामावरून लवकर निघून लोखंडी बाकांवर येऊन बसतात. क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्यांना बॅट, झेल आणि धाव हे सगळे दोन-तीन सामन्यांत उमगते. त्यानंतर एखाद्या दिवशी असे घडते की चेंडू कोणी मारलेला नसतो, कोणी फेकलेलाही नसतो, तरी अंपायर अचानक हात वर करून ओरडतो, पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) मान खाली घालतो आणि पहिल्या बेसवरचा, म्हणजे धावेच्या वाटेवरील पहिल्या टप्प्यावरचा, रनर रमतगमत चालत दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहतो. शेजारच्या पालकाला विचारले तर तो खांदे उडवून ‘बॉक’ एवढेच सांगतो, आणि अधिक खोदून विचारले तर बहुधा त्यालाही नीट सांगता येत नाही. वर्षानुवर्षे बेसबॉल पाहणारे लोकही या नियमापाशी अडखळतात, त्यामुळे नवख्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. थोडक्यात, बेसवर रनर असताना पिचरने केलेली बेकायदा, फसवी हालचाल म्हणजे बॉक.

या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एल’ असला तरी तो उच्चारत नाहीत, म्हणून मराठीत त्याला ‘बाल्क’ न म्हणता ‘बॉक’ म्हणणे योग्य. चालता चालता मध्येच अडून बसणाऱ्या घोड्यासाठी इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात. ही प्रतिमा लक्षात ठेवावी, कारण बॉकचे बरेचसे प्रकार ‘सुरू केले आणि अडला’ या एकाच जातीचे आहेत.

नियम कशासाठी आहे

क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकरने चेंडू पडण्यापूर्वी क्रीझ सोडणे हे आजही अनेकांना चोरटेपणाचे वाटते, आणि गोलंदाजाने त्याला धावबाद केले तर वाद गोलंदाजाशीच होतो. विनू मांकड यांनी 1947 मध्ये सिडनीला बिल ब्राउन यांना तसे बाद केले तेव्हापासून हा वाद चालत आला आहे. बेसबॉलमध्ये असा नैतिक प्रश्नच उद्भवत नाही. रनर बेस सोडून उघडपणे आठ-दहा फूट पुढे जाऊन उभा राहतो, त्याला ‘लीड’ घेणे म्हणतात, आणि पिचर केव्हाही चेंडू बेसवर फेकून त्याला टिपण्याचा प्रयत्न करू शकतो, त्याला ‘पिकऑफ’ म्हणतात. दोघांनीही एकमेकांवर डाव टाकावा हे खेळाने मान्य केलेले आहे.

मात्र हा डाव एकतर्फी होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. दोन बेसमधले अंतर 90 फूट असते, आणि पिचर ज्या रबरी पट्टीवर उभा राहतो तिथून होम प्लेटचे, म्हणजे बॅटर जिच्यापाशी उभा राहतो त्या पट्टीचे, अंतर 60 फूट 6 इंच असते. पिचरला चेंडू टाकल्याची हुबेहूब नक्कल करून ऐन वेळी थांबण्याची आणि बेसकडे वळण्याची मोकळीक दिली, तर कोणताही रनर बेसपासून दोन पावलेही हलणार नाही आणि बेस चोरण्याची सगळी गंमत संपेल. म्हणून नियम सांगतो की रबरावर पाय असताना पिचरने एकदा जी हालचाल सुरू केली ती त्याने पुरी केली पाहिजे.

खो-खो खेळलेल्यांना हे लवकर कळेल. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला उलट फिरता येत नाही, आणि खांद्यांची रेषा मर्यादेपलीकडे वळली तरी पंच फाउल देतो. हुलकावणी देण्याचा हक्क फक्त पळणाऱ्याचा असतो. पिचरवर हायस्कूलच्या नियमांनी घातलेले बंधन याच धाटणीचे आहे, आणि त्यातही पाय व खांदे यांच्यावरच नजर ठेवली जाते.

कोणते नियमपुस्तक

टीव्हीवर व्यावसायिक सामने पाहून तयार केलेले ज्ञान इथे अनेकदा दगा देते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हायस्कूलचे सामने नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स या इंडियानापोलिसस्थित संस्थेच्या नियमांनी खेळले जातात, आणि ते मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, नियमांपेक्षा बॉकच्या बाबतीत काही ठिकाणी कडक, तर एका ठिकाणी सैल आहेत. या पुस्तकात दरवर्षी फेरबदल होत असल्याने हंगामाच्या सुरुवातीला प्रशिक्षकांकडून चालू वर्षाची प्रत पाहून घ्यावी आणि आपल्या राज्याने काही वेगळे ठरवले आहे का हेही विचारावे. पुस्तकातील सहावा नियम पिचिंगविषयी आहे. बॉकची यादी तिथेच मिळते.

पहिली पायरी: बेसवर कोणी आहे का ते पाहा

बेसवर एकही रनर नसेल तर बॉक होऊच शकत नाही. फसवायला कोणी नसल्यावर फसवणूक कसली? अशा वेळी पिचरने बेकायदा पद्धतीने चेंडू टाकला तर बॅटरच्या खात्यावर एक ‘बॉल’ (बॅटरच्या फायद्याचा मोजला जाणारा चेंडू; त्याच्या विरोधात मोजला जातो तो ‘स्ट्राइक’) जमा होतो, एवढीच शिक्षा. चेंडू हातातून निसटला तरी हाच भेद लागू होतो. निसटलेला चेंडू घरंगळत फाउल लाइन (मैदानाची कडेची रेषा) ओलांडून गेला तर तो टाकलेला चेंडू धरला जातो. तो अलीकडेच थांबला आणि बेसवर रनर असेल तर बॉक होतो, आणि रनर नसेल तर काहीच घडले नाही असे मानून खेळ पुढे चालतो. चेंडू चुकून पडला, हाताला घाम होता, पाऊस पडत होता, यांपैकी कोणतीही सबब चालत नाही.

म्हणून प्रत्येक पिचपूर्वी बेसकडे एक नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी. बेस रिकामे असतील तर या लेखातील बाकीचे सगळे विसरून निवांतपणे सामना पाहता येतो.

दुसरी पायरी: रबरावर पाय आहे का

माउंड म्हणजे मातीचा उंचवटा, आणि त्याच्या माथ्याजवळ 24 इंच लांब व 6 इंच रुंद अशी पांढरी पट्टी पुरलेली असते, तिला रबर म्हणतात. उजव्या हाताने टाकणाऱ्या पिचरचा उजवा पाय आणि डाव्या हाताने टाकणाऱ्याचा डावा पाय या पट्टीला टेकलेला असतो. या लेखापुरते त्याला आपण रबराचा पाय म्हणू, आणि दुसऱ्याला मोकळा पाय.

रबराचा पाय पट्टीला लागलेला आहे तोवर पिचर बांधलेला असतो. त्याच्यापुढे तीनच मार्ग उरतात: बॅटरकडे चेंडू टाकणे, बेसकडे पाऊल टाकून तिकडे फेकणे (जिथे परवानगी आहे तिथे नुसती हुल देणे), किंवा रबराचा पाय आधी उचलून पट्टीच्या मागे ठेवणे. हा तिसरा मार्ग पिचरचा सगळ्यांत सुरक्षित आसरा आहे, कारण पाय मागे पडताच तो पिचर राहत नाही, साधा क्षेत्ररक्षक होतो, आणि मग त्याने कुठेही हुल दिली, फेकण्याचे सोंग केले, फेकलेच नाही, तरी बॉक होत नाही. नवख्या पिचरला गोंधळल्यासारखे झाले की प्रशिक्षक बाहेरून ‘स्टेप ऑफ’ असे ओरडतात त्याचा अर्थ हाच. मात्र पाय मागेच पडला पाहिजे. पुढे किंवा बाजूला सरकवून पट्टी सोडली तर तो मागे हटल्याचे धरले जात नाही.

या आसऱ्याची एक किंमत असते आणि ती बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. रबरावरून पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू भरकटून मैदानाच्या हद्दीबाहेर गेला तर रनरला एक बेस मिळतो. मागे हटून, म्हणजे क्षेत्ररक्षक म्हणून, फेकलेला चेंडू तसाच बाहेर गेला तर दोन बेस मिळतात. म्हणून हद्दीचे कुंपण बेसपासून जवळ असलेल्या छोट्या मैदानावर सावध प्रशिक्षक पिचरला रबरावरूनच फेकायला सांगतात.

उलट बाजूनेही एक सापळा आहे. पिचरकडे चेंडूच नसेल आणि तरी तो रबरावर पाय ठेवेल, पट्टीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहील किंवा पट्टीपासून साधारण पाच फुटांच्या आत येऊन पोझ घेईल, तर तो बॉक होतो. पहिल्या बेसवरच्या खेळाडूने चेंडू हातमोज्यात लपवून ठेवायचा आणि रनर निर्धास्तपणे पुढे सरकताच त्याला टिपायचे, ही जुनी युक्ती बेकायदा नाही, पण ती चालू असताना पिचरने माउंडपासून लांब राहिले पाहिजे. हायस्कूलमध्ये ही युक्ती फसते ती बहुधा पिचरच्याच अति उत्साहामुळे.

तिसरी पायरी: वाइंडअप की सेट

पिचर रबरावर दोनपैकी एका पद्धतीने उभा राहतो. वाइंडअपमध्ये तो साधारणपणे बॅटरकडे तोंड करून उभा असतो आणि मोकळा पाय पट्टीच्या पुढल्या कडेच्या रेषेवर किंवा तिच्या मागे असतो. सेटमध्ये तो आडवा उभा राहतो आणि मोकळा पाय संपूर्णपणे त्या रेषेच्या पुढे असतो. काही मुले दोहोंच्या मधली तिरकी उभारणी घेतात, तेव्हा रनर आणि अंपायर दोघेही गोंधळतात. अशा वेळी मोकळा पाय कुठे आहे एवढेच पाहावे, निर्णय त्यावरच होतो.

हा फरक हायस्कूलमध्ये महत्त्वाचा ठरतो, कारण वाइंडअपमध्ये उभ्या असलेल्या पिचरला थेट बेसकडे फेकता येत नाही. चेंडू टाकणे किंवा रबराचा पाय मागे घेऊन पट्टी सोडणे, एवढ्या दोनच गोष्टी त्याला करता येतात. मेजर लीगमध्ये वाइंडअपमधूनही पिकऑफला परवानगी असल्याने टीव्ही पाहून शिकलेला मुलगा नेमका इथे अडकतो. तिसऱ्या बेसवर रनर असताना पिचर वाइंडअपमध्ये उभा असेल आणि त्याने तिकडे वळून फेकले, तर चेंडू तिथे पोहोचण्याआधीच अंपायर रनरला होम प्लेटकडे जायला सांगतो आणि एक धाव फुकट जाते.

चौथी पायरी: थांबला का, आणि कसा थांबला

रनर बेसवर असताना बहुतेक पिचर सेट पद्धत वापरतात, आणि बहुतेक बॉकही इथेच होतात, म्हणून या पायरीवर सर्वाधिक वेळ घालवावा.

पिचर कॅचरची (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याची) खूण पाहतो तेव्हा त्याचे दोन्ही हात वेगळे असतात. मग तो हात जवळ आणत हातमोज्यात चेंडू धरतो, या हालचालीला ‘स्ट्रेच’ म्हणतात. हात एकत्र आल्यावर हातमोजा शरीरासमोर आणि हनुवटीच्या पातळीला किंवा तिच्या खाली असला पाहिजे, आणि तिथे पिचरने पूर्ण थांबले पाहिजे. हे थांबणे इतके स्पष्ट असावे लागते की ते पाहणाऱ्याला दिसेल. हात वरून खाली आले आणि तळाशी पोहोचताच पुन्हा वर निघाले, तर दिशा बदलताना जो निमिषभर वेग शून्य होतो त्याला थांबणे म्हणत नाहीत. असे न थांबता टाकणे हा बॉक आहे, कारण रनर त्या थांब्यावरूनच अंदाज बांधत असतो.

किती वेळ थांबावे याचे सेकंदांत उत्तर नियमात नाही, आणि मला वाटते ते असूही नये. बाकांवर बसलेल्या नवख्या प्रेक्षकासाठी एक सोपी कसोटी अशी की हातमोजा स्थिर झाला असे आपण मनात म्हणू शकलो तर तो थांबला, आणि म्हणायला अवसरच मिळाला नाही तर तो थांबला नाही.

हा थांबा किती वादग्रस्त ठरू शकतो याचे ठळक उदाहरण मेजर लीगच्या 1988 च्या हंगामात मिळते. त्या वर्षी नियमाच्या शब्दांत थांबा ‘स्पष्ट दिसणारा’ हवा अशी भर पडली, अंपायरांनी ती शब्दशः अमलात आणली आणि त्या एका हंगामात 924 बॉक दिले गेले. एकट्या डेव्ह स्ट्युअर्ट या नामांकित पिचरवर 16 बॉक लागले. वर्षानुवर्षे चाललेली त्यांची सवय त्या वर्षी गुन्हा ठरली.

हात एकदा एकत्र आले की ते सहज म्हणून वेगळे करता येत नाहीत. चेंडू टाकायचा असेल, बेसकडे वळायचे असेल किंवा पट्टीमागे हटायचे असेल तरच ते सुटू शकतात. टोपी नीट करण्यासाठी, नाकाला हात लावण्यासाठी किंवा माशी हाकलण्यासाठी हात काढला तरी बॉक. एखादा लहानखुरा पिचर डोळ्यांवर आलेला घाम पुसतो आणि त्यापायी रनरला बेस मिळतो हे पाहताना वाईट वाटते, पण नियमाला दया माहीत नाही.

खांद्यांचा नियम ही हायस्कूलची खास गोष्ट आहे. हात एकत्र येण्यापूर्वी पिचरने खांदे वळवून पहिल्या बेसकडे पाहिले तर चालते. हात एकत्र आल्यावर मात्र फक्त मान वळवता येते. त्यानंतर खांदे वळले तर बॉक होतो, भले पाय जागचे हलले नसोत. उजव्या हाताच्या पिचरची पाठ पहिल्या बेसकडे अर्धवट वळलेली असते, त्यामुळे त्याला डाव्या खांद्यावरून पाहावे लागते आणि नकळत खांदाही सोबत फिरतो. याच ठिकाणी गुडघाही दगा देतो. पुढचा गुडघा किंचित वाकला आणि मग पिचरने विचार बदलला, तर पिचिंगची हालचाल सुरू करून थांबल्याचा दोष लागतो. हे इतके सूक्ष्म असते की माउंडमागच्या अंपायरला दिसले तरी बाकांवरून दिसत नाही, आणि मग प्रेक्षक अंपायरला बोल लावतात.

पाचवी पायरी: मोकळा पाय कुठे पडला

सेटमधून पिचरला बेसवर फेकता येते, पण फेकण्याआधी मोकळ्या पायाने थेट त्या बेसच्या दिशेने पाऊल टाकले पाहिजे. पाय होम प्लेटकडे जातो आणि हात पहिल्या बेसकडे, असे झाले की बॉक. उजव्या हाताचे पिचर यासाठी बहुधा टुणकन उडी मारून वळतात आणि वळतानाच फेकतात. या उडीत मोकळा पाय बेसच्या दिशेने पडत असेल तर ती पूर्णपणे कायदेशीर आहे.

तिन्ही बेसना मात्र सारखा नियम लागू होत नाही, आणि प्रत्येक बेसचा नियम वेगळा लक्षात ठेवावा लागतो. पहिल्या बेसकडे रबरावरून नुसती हुल देता येत नाही. तिकडे पाऊल टाकले की चेंडू फेकलाच पाहिजे. दुसऱ्या बेसकडे पाऊल टाकून हुल देता येते. तिसऱ्या बेसकडेही हायस्कूलमध्ये हुल चालते. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर असताना पिचर आधी तिसऱ्याकडे पाऊल टाकून फेकण्याचे सोंग करतो आणि लगेच वळून पहिल्याकडे फेकतो, ही जुनी चाल मेजर लीगने 2013 मध्ये बंद केली, पण शाळांच्या मैदानावर ती अजून दिसते. वर ‘एका ठिकाणी सैल’ असे म्हटले ते हेच. ती चाल क्वचितच यशस्वी होते, आणि झाली की पहिल्या बेसवरच्या बिचाऱ्या मुलाचे तोंड पाहण्यासारखे असते.

रिकाम्या बेसकडे फेकणे किंवा हुल देणे हा एरवी बॉक आहे, मात्र एखादा रनर त्या बेसकडे धावत सुटला असेल तर त्याला अडवण्यासाठी तसे करता येते. पहिल्या बेसवर रनर आहे पण तिथला क्षेत्ररक्षक बेसपासून लांब उभा आहे, इतका की त्याला रनरला बाद करताच येणार नाही, आणि पिचरने रबरावरून चेंडू त्याच्याकडे फेकला, तर तोही बॉक ठरतो. पिचर आणि पहिल्या बेसचा खेळाडू यांच्यात खूण ठरलेली नसली की ही चूक घडते, आणि दोष पिचरच्या नावावर लिहिला जातो.

डाव्या हाताच्या पिचरचे प्रकरण स्वतंत्रपणे समजून घ्यायला हवे. सेटमध्ये तो पहिल्या बेसकडेच तोंड करून उभा असतो, म्हणून तो मोकळा पाय उचलतो तेव्हा तो होम प्लेटकडे टाकणार की पहिल्या बेसकडे, हे रनरला शेवटपर्यंत कळत नाही. ही संदिग्धता नियमाला मान्य आहे, म्हणून डावखुरा मुलगा दिसला की प्रशिक्षकांचे डोळे चमकतात. दोन मर्यादा मात्र त्याने पाळल्या पाहिजेत. पहिली, उचललेला पाय जर पूर्णपणे पट्टीच्या मागल्या कडेच्या पलीकडे गेला, तर त्याने बॅटरकडेच टाकले पाहिजे किंवा दुसऱ्या बेसकडे वळले पाहिजे, पहिल्या बेसकडे फेकण्याचा मार्ग तिथे संपतो. दुसरी, पहिल्या बेसकडे फेकताना पाऊल खरोखर त्या बेसकडे पडले पाहिजे. बेस आणि होम प्लेट यांच्या मधोमध एक काल्पनिक रेषा धरून पाऊल तिच्या कोणत्या बाजूला पडते ते अंपायर पाहतात, आणि चलाख डावखुरे त्या रेषेला चिकटूनच पाऊल टाकतात.

सहावी पायरी: पुकारा झाल्यावर काय होते

हायस्कूलमध्ये बॉक झाला की चेंडू तत्क्षणी मृत होतो. अंपायर ‘बॉक’ असे मोठ्याने पुकारतो, खेळ थांबवतो आणि बेसवरच्या प्रत्येक रनरला एक बेस पुढे पाठवतो. बॅटर जागीच राहतो आणि बॉल-स्ट्राइकची गणती आधी होती तीच कायम राहते. तिसऱ्या बेसवर रनर असेल तर धाव होते.

‘तत्क्षणी मृत’ या दोन शब्दांत पुष्कळ काही सामावले आहे. समजा, दुसऱ्या बेसवर रनर आहे, पिचर न थांबता चेंडू टाकतो, अंपायर बॉक पुकारतो आणि बॅटर तोच चेंडू कुंपणापलीकडे भिरकावतो. मेजर लीगमध्ये बॉकनंतर खेळ चालू राहतो, आणि बॅटरसह सगळे रनर किमान एक बेस पुढे गेले तर बॉक विसरून तो होमरन मान्य होतो. शाळेच्या सामन्यात होमरन रद्द होतो, रनर तिसऱ्या बेसवर जातो आणि बॅटरला पुन्हा बॅट घेऊन उभे राहावे लागते. चूक पिचरची आणि नुकसान बॅटरचे, असा हा उफराटा न्याय मला व्यक्तिशः पटत नाही. पण पुकारा होताच सगळे थांबल्याने वाद आणि गोंधळ कमी होतात, आणि शाळकरी मुलांच्या सामन्यात तेही महत्त्वाचे आहे. याचाच दुसरा परिणाम असा की बॉक पुकारल्यानंतर पिचरचा फेकलेला चेंडू बेसवरून भरकटत बाहेर गेला तरी रनरला एकच बेस मिळतो.

बॅटरमुळे पिचर अडखळला तर त्याचा विचार वेगळा होतो. बॅटरने हात वर करून वेळ मागितली किंवा एक पाय बॉक्सबाहेर टाकला आणि म्हणून पिचर मध्येच थबकला, तर कोणालाही शिक्षा न करता अंपायर खेळ नव्याने सुरू करतो. बॅटर दोन्ही पाय बाहेर टाकून निघाला असेल तर त्याच्यावर एक स्ट्राइक लागतो. विरुद्ध संघातील कोणी पिचरने बॉक करावा म्हणून मुद्दाम ‘टाइम’ असे ओरडणे हेही नियमाने निषिद्ध आहे. पालकांनीही बाकांवरून ‘बॉक, बॉक’ असा धोशा लावू नये. अंपायर त्याने बदलत नाही, आणि माउंडवर उभा असलेला मुलगा कोणाचा तरी मुलगाच असतो.

बॉक होता की नव्हता हा अंपायरच्या नजरेचा निर्णय असतो आणि त्यावर वाद घालता येत नाही. नियम चुकीचा लावला गेला, म्हणजे उदाहरणार्थ एका बेसऐवजी दोन बेस दिले, तरच मुख्य प्रशिक्षकाने पुढे होऊन शांतपणे विचारावे.

धावफलक लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट: बॉक हा क्षेत्ररक्षणाची चूक म्हणून नोंदवला जात नाही. बॉकमुळे झालेली धाव पिचरच्याच खात्यावर अर्जित धाव (त्याच्याच दोषाने दिलेली धाव) म्हणून चढते.

घरी सराव कसा करून घ्यावा

यासाठी मैदान लागत नाही. जमिनीवर चिकटपट्टीने 24 इंचांची रेषा आखावी, समोर आरसा ठेवावा आणि मुलाला चेंडूऐवजी गुंडाळलेला पायमोजा देऊन सेटपासून पुढचे सगळे करायला सांगावे. हात एकत्र आल्यावर आपण मनात ‘एक’ म्हणावे, आणि त्याआधी तो हलला तर थांबवावे. मग मान वळवून बाजूला पाहायला सांगावे आणि खांद्यांची रेषा हलते का ते पाहावे. बहुतेकांची हलते. फोनवर चित्रण करायचे असेल तर ते पहिल्या बेसच्या बाजूने करावे, कारण रनरला दिसते तेच तिथून दिसते. एक सवय मुद्दाम लावून घ्यावी: काही सुचेनासे झाले की रबराचा पाय मागे घ्यायचा. हे शंभर वेळा केले तर सामन्यात ते आपोआप घडते.

चार प्रसंग, पडताळून पाहण्यासाठी

पहिल्या बेसवर रनर, पिचर सेटमध्ये, हात एकत्र. तो रबराचा पाय मागे टाकतो, पहिल्या बेसकडे फेकण्याचे सोंग करतो आणि फेकत नाही. बॉक नाही, कारण पाय मागे पडताच तो क्षेत्ररक्षक झाला.

तोच रनर, तोच पिचर. आता तो रबरावरूनच मोकळा पाय पहिल्या बेसकडे टाकतो, पण तिथला क्षेत्ररक्षक बेखबर असल्याचे दिसल्याने चेंडू हातातच ठेवतो. बॉक, कारण पहिल्या बेसकडे हुल चालत नाही.

पहिल्या बेसवर रनर असताना डावखुऱ्या पिचरचा मोकळा पाय हवेतच झुलत पट्टीच्या मागल्या कडेच्या संपूर्ण पलीकडे जातो आणि मग तो पहिल्या बेसकडे फेकतो. रनर बाद झालेला दिसतो, त्याच्या संघाच्या बाकावर निराशा पसरते. पण अंपायरचे हात वर असतात, कारण बॉक झाला, चेंडू तेव्हाच मृत झाला आणि बाद झालेला रनर दुसऱ्या बेसवर जातो.

शेवटचा प्रसंग खऱ्या सामन्यातला, जून 2019 मधला. डॉजर्स संघाचा पिचर केन्ली जॅन्सन शिकागो कब्जविरुद्ध नवव्या डावात खेळत होता आणि दुसऱ्या बेसवर रनर होता. तिथला रनर कॅचरच्या खुणा पाहून त्या बॅटरला पोहोचवू शकतो हे ओळखून जॅन्सनने जाणूनबुजून बॉक केला आणि त्याला तिसऱ्या बेसवर पाठवून दिले, कारण तिथून खुणा दिसत नाहीत आणि हातात दोन धावांची आघाडी होती. त्यानंतर समोरच्या बॅटरला बाद करून त्याने सामना संपवला. हायस्कूलच्या पुस्तकानुसार मुद्दाम केलेल्या बॉकलाही शिक्षा तीच: चेंडू मृत, रनर एक बेस पुढे.